गाळलेला परिच्छेद

रॅफल्स प्लेसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, दुपारी खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा आपली, हे सिंगापुरात सगळ्यांना माहीत असतं. प्रबोध सामंतला ते माहीत नव्हतं. तीनच दिवसांपूर्वी तो जहाजावरून उतरला होता. विनीता ताट घेऊन परतली तेव्हा तो तिच्या खुर्चीवर बसून नूडल्स खात होता, आणि सांबलच्या झणझणीत मिरची-चटणीने नाक वाहू लागल्यामुळे तिचंच पाकीट त्याने फोडलं होतं.

ती समोर बसली आणि इंटरनेटवरून छापून घेतलेली डच बातमी वाचू लागली. एका शब्दाखाली रेघ होती, बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं – ‘म्हणजे काय?’

“राजीनामा,” तो मराठीत म्हणाला. “शपथ घेतली त्याच दिवशी मंत्रीणबाईंनी दिला... कमाल आहे.”

विनीताने मान वर केली. त्याच्या हातात तिचा टिश्यू होता आणि चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. तिला हसू आवरेना.

ती २००२ सालची जुलै अखेर होती. नेदरलँड्समध्ये तीन पक्षांचं नवं सरकार नुकतंच आलं होतं. तिसरा पक्ष काही महिन्यांचाच. निवडणुकीच्या नऊ दिवस आधी त्याच्या संस्थापकाची हत्या झाली होती. विनीता एका डच बँकेत होती, आणि हे सरकार किती टिकेल यावर आशियातल्या ग्राहकांसाठी अहवाल लिहिण्याचं काम तिच्याकडे होतं. तिचा अंदाज खरा ठरला तर जानेवारीत ॲम्स्टरडॅमला बदली. तिचं डच मात्र जेमतेम होतं.

प्रबोध वेंगुर्ल्याचा, मोठी जहाजं ओढणाऱ्या एका डच कंपनीच्या टगबोटींवर इंजिनियर. भाषा तो कप्तानांकडून शिकला होता. त्यातली निम्मी तिला सांगण्यासारखी नव्हती. बोट दुरुस्तीला लागल्याने ऑक्टोबरपर्यंत तो सिंगापुरातच होता. मग मंगळवार-शुक्रवार ठरून गेले. तो बातम्या वाचून दाखवायचा, ती लिहून घ्यायची. गणपतीत दोघं लिटिल इंडियात मोदकांचं पीठ शोधत फिरली आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते कळलं नाही.

तिकडे सरकारात तिसऱ्या पक्षाच्या दोन मंत्र्यांचं एकमेकांशी जमेना. दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी विनीताने त्याच्यापुढे एक लांबलचक लेख ठेवला. सोमवारी अहवाल द्यायचा होता. प्रबोधने शेवटापर्यंत वाचलं.

“शेवटी विशेष काही नाही,” तो म्हणाला. “टिकेल वर्षभर.”

तिने तसंच लिहिलं. पण सोमवारी सकाळी टॅम्पिनीसच्या घरून मेट्रोने येताना तिने तो लेख पुन्हा काढला. एव्हाना तिला बरंच वाचता यायचं. शेवटच्या परिच्छेदात पत्रकाराने स्पष्ट लिहिलं होतं – उरलेल्या दोन पक्षांना आता निवडणुकाच हव्या आहेत. इतका सोपा परिच्छेद प्रबोधला कळला नाही, हे शक्यच नव्हतं. ऑफिसात पोहोचताच तिने निष्कर्ष बदलला – सरकार महिनाभरही टिकणार नाही.

बुधवारी संध्याकाळी ते पडलं. गुरुवारी साहेबांनी बोलावून बदलीचं पत्र हातात दिलं.

शुक्रवारी प्रबोध टेबलाशी आधीच बसला होता. तिने लेख त्याच्यापुढे ठेवला.

“तुला कळलं होतं ना?”

“हो.”

“मी तसाच अहवाल दिला असता तर माझी बदली गेली असती, प्रबोध.”

“माहीत आहे. सरकार पडणार हा अंदाज तू दिलास की तुला बदली मिळणार... मग तू जाणार. त्या वेळी एवढंच डोक्यात आलं. चुकलो मी. फार चुकलो.”

तिला राग आला होता.

“सप्टेंबरात सांगितलं असतंस – थांब म्हणून – तर मी कदाचित थांबले असते,” ती म्हणाली. “आता नाही थांबणार.”

“नको थांबूस.” मग अगदी हळू... “मार्चमध्ये आमची बोट रॉटरडॅमला जाणार आहे.”

“तिथून ॲम्स्टरडॅमला तासाभरात गाडी पोहोचते,” विनीता कागद आवरत म्हणाली. “पण माझा राग तोवर जाईल की नाही, ते मला माहीत नाही.”

पाच महिने तो दर आठवड्याला पत्र पाठवत राहिला. तिने पहिल्या चारांना उत्तर दिलं नाही, पाचव्याला दोन ओळी लिहिल्या, नंतर पानंच्या पानं. मार्चमध्ये उसन्या कोटात, थंडीने दातावर दात आपटत तो तिच्या दारात उभा राहिला आणि आत येण्याआधीच त्याने तिला मागणी घातली. ती हो म्हणाली. त्या देशात निवडणूक होऊन गेली होती, पण नवं सरकार अजून जुळायचं होतं.