रिकाम्या खोलीचा नमुना

या घटनेत माझ्या पदरचा एक शब्दही नाही. ऋषिराजला मी दोनदा भेटलो. दोन्ही वेळा त्यानं हेच सांगितलं.

गेल्या मार्चमधली दुपार. तासगावात बेदाण्याचा हंगाम. गाळ्यावरच्या आपल्या स्टुडिओत ऋषिराज एकटाच होता.

आवाज साफ करणारी छोटी सॉफ्टवेअर असतात, प्लगइन म्हणतात त्यांना. त्यांचं नवं स्टँडर्ड आलं होतं. ऋषिराजनं बरेच दिवस टाळलं. पण पुण्याहून येणारं काम नव्यातच यायला लागलं.

"सगळी गेली नव्यावर गड्या," मित्र शिवतेज फोनवर म्हणाला. "तूच मढं राखत बसलाईस."

ऋषिराजनं जुनं सगळं काढून टाकलं.

नेमके तेव्हाच धन्यकुमारअण्णा आले. त्यांची मुलगी सुंदरी दम्यानं गेली होती. तिनं याच खोलीत एक स्तवन गायलं होतं. परवा तिला जाऊन वर्ष होणार होतं, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, ते लावायचं होतं.

"पंख्याची घरघर काढ रं. पोरीचा आवाज तेवढा ऱ्हाऊ दे."

अण्णा गेल्यावर त्यानं फाइल उघडली. कच्चा होता, पण आवाज होता.

नव्या प्लगइनला आधी रिकामी खोली ऐकवावी लागते. खोलीत जे वाजतं, ते तो गाण्यातून वजा करतो. जुना नमुना जुन्या प्लगइनबरोबरच गेला होता. ऋषिराजनं तोच पंखा लावला, बाहेरून दार ओढलं आणि रिकामी खोली रेकॉर्ड केली.

मग गाणं लावलं.

पंखा गेला...

सुंदरीही गेली.

उरले ते ओळींच्या मधले तिचे श्वास.

त्यानं प्लगइन काढला. मूळ आवाज परत यायला हवा होता. आला नाही.

त्यानं खोलीचा नमुना शिवतेजला पाठवला.

"खोली रिकामी कुठाय रं? कोण पोरगी गातीय?"

ऋषिराजनं हेडफोन लावून नमुना ऐकला. नुसता पंखा.

संध्याकाळी अण्णा आले. ऋषिराजनं मान खाली घालून सगळं सांगितलं. अण्णा रागावले नाहीत. हेडफोन लावून ते श्वास ऐकत राहिले.

"शेवटी तिला श्वासच मिळंना झालता," ते म्हणाले. "ह्येच दे मला."

ऋषिराजनं दिलं.

बस्तीतला कार्यक्रम गाण्याविना झाला. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या बायकोचा, चंदनबालाकाकींचा फोन आला.

"अरं, गाणं कवा सुरू हुतंय त्यात? ह्ये सकाळधरनं वाट बघत बसल्यात. जेवाय पण उठंनात."

"काकी, पाचएक मिनिटांचं हाय ते. संपलं की थांबतंय."



"न्हाई बाळा. थांबंना."

आणि मग, अगदी हळू...

"आता तिला धाप लागलीय."

ऋषिराज मला ती फाइल ऐकवायला तयार होता. मी नको म्हणालो. का, ते अजून नीट सांगता येत नाही.