टाकीखालचे तीन खण

आरसा तिच्याशी बोलला, इथून या गोष्टीची सुरुवात आहे.

"अहो, जरा बाजूला होता का?"

शनिवारची दुपार. काचेच्या दुकानाच्या दारात ती पुठ्ठ्याचं खोकं छातीशी धरून उभी, आणि समोर माणूसभर उंचीचा आरसा. आरशात तीच — केस विस्कटलेले, गालाला डिंक. आरशाखाली दोन चपला.

"तुम्हीच व्हा," ती म्हणाली. "माझ्या हातात नाजूक वस्तू आहे."

"मग माझ्या हातात काय भोपळा आहे?"

आरसा भिंतीला टेकला आणि मागून तो निघाला. कानावर पेन्सिल, दोन बोटांना चिकटपट्टी, चेहऱ्यावर हसू. आपण हसायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. ते काही जमलं नाही.

तिचं काम कृत्रिम दात घडवायचं. दिवसभर केसाएवढ्या फरकाशी झगडणारी मुलगी. एकदा मनावर घेतलं की घेतलंच. सध्या मनावर घेतली होती घरातली खाऱ्या पाण्याची टाकी. त्यात दोन नारिंगी मासे आणि एक मऊसर प्रवाळ. गेल्या दोन महिन्यांत पाणी बिघडलं, काचेवर बुळबुळीत शेवाळ चढलं आणि मासे वर येऊन धापा टाकू लागले. आई शेवटी म्हणाली, "मुक्या जिवांची तडफड माझ्याच्यानं बघवत नाही. पुढच्या रविवारपर्यंत काय तो उपाय कर, नाहीतर मासे दुकानदाराला परत." आणि आईनं दुकानदाराला फोन करून ठेवलासुद्धा. आई तरी कुणाची? हिचीच ना.

"हे काय, मांजरीचं घर?" त्यानं खोक्यात डोकावून विचारलं. तिनं शेवाळापासून आईनं दिलेल्या मुदतीपर्यंत सगळं एका दमात सांगितलं, मग खोक्यावर आली.

"टाकीखाली कपाटात बसणारी दुसरी टाकी. हा नमुना आहे, मला काचेत हवीय. वरचं पाणी पहिल्या खणात उतरणार, तिथं गाळ अडणार. मधल्या खणात मी समुद्री शेवाळ वाढवणार. तिसऱ्यातून पंप पाणी वर चढवणार."

"शेवाळानंच तर वाट लावलीय म्हणता, आणि परत तेच वाढवणार?"

"त्याला वेगळी खोली आणि वेगळा दिवा दिला, की पाण्यातली घाण खालीच खाऊन टाकतं. वरच्याला काही उरत नाही. आणि बारीक किडे त्यात निवांत वाढतात, मासे तिथं पोचत नाहीत. रेफ्यूजियम म्हणतात त्याला. मी माहेर म्हणते."

तो पेन्सिल काढून मापं टिपू लागला. मग थांबला. "आणि लाईट गेली तर? पंप बंद... वरचं पाणी खाली... थेट आईंच्या फरशीवर."

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "खालच्या टाकीचे वरचे बारा सेंटिमीटर त्यासाठीच रिकामे ठेवलेत," ती त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली.

"आता मात्र मी तुम्हाला घाबरलो."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुकान बंद होतं. मागच्या खोलीत दोघांनी काचा चिकटवल्या. तो सिलिकॉनची रेघ ओढायचा, ती बोटानं सारखी करायची. मग काच धरून पाच मिनिटं हलायचं नाही. ती काचेच्या एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये नाकाच्या अंतराएवढीच जागा.

"बोललं तर चालतं का?" ती पुटपुटली.

"चालतं. हसायचं नाही, काच सरकते."

"मी कुठं हसतेय?"

"मग मीच हसतोय वाटतं."

पहिली पाच मिनिटं तिला फार लांब वाटली. शेवटची मात्र कधी संपली ते कळलंच नाही. सात दिवसांत सिलिकॉन पक्कं होणार होतं, म्हणजे बरोबर रविवारी. ती गुणगुणतच घरी गेली.

गुरुवारी दुपारी तो तिच्या कामाच्या ठिकाणी येऊन उभा राहिला. चेहरा पार उतरलेला.

"आपली टाकी मी मोडली," तो म्हणाला.

"काय?"

"बाथरूमच्या काचांना आम्ही जे सिलिकॉन लावतो, ते वापरलं मी. बुरशी धरू नये म्हणून त्यात औषध असतं. हात सवयीनं त्याच नळकांड्याकडे गेला. आज गिऱ्हाइकाला देताना बारीक अक्षरं वाचली. ते औषध पाण्यात उतरतं... मासे मेले असते."

तिला आधी त्याचा राग आला, मग स्वतःचा. दाताचा रंग तीन-तीनदा तपासणारी ती, नळकांड्यावरची अक्षरं तिनंही वाचली नव्हती.

"सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं," ती म्हणाली. "मी माझ्या पाण्यालाच दोष देत बसले असते."

"ठाऊक आहे. म्हणूनच फोन नाही केला, स्वतः आलो. काचा नव्यानं कापल्यात. आज योग्य सिलिकॉननं चिकटवू. पण परत सात दिवस... आईंना मी सांगतो."

"आई माझी आहे. मी सांगते."

"चूक माझी आहे."

"अर्धी."

संध्याकाळी नवी टाकी चिकटवून दोघं तिच्या घरी गेले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यानं काहीही न लपवता सगळं सांगितलं. आईनं शेवटच्या टॉवेलची घडी पूर्ण केली.

"आणि तोवर मासे तग कसे धरणार?"

"रोज थोडं पाणी बदलू," ती म्हणाली. "मीठ मी कालवेन."

"शुद्ध पाण्याच्या बादल्या खालून मी वाहीन," तो म्हणाला. "तिसरा मजला आहे, पण आरशांपेक्षा हलक्याच असतील."

आईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "फरशीवर एक थेंब सांडला तरी पुसायचा." एवढं म्हणून तिनं फोन उचलला आणि दुकानदाराला रविवारी येऊ नका म्हणून सांगितलं.

मग रोज संध्याकाळी साडेसहाला दाराशी बादल्यांचा आवाज. ती पाण्याचा खारेपणा मोजायची, तो धापा टाकत उभा राहायचा.

"अजून चिमूटभर मीठ?"

"गप्प बसा. आकडा बघू द्या."

"एवढं निरखून माझ्याकडे कधी बघणार?"

ती आकडा विसरायची. पुन्हा मोजायला लागायचं.

पुढच्या गुरुवारी टाकी कपाटात बसली. पंप सुरू झाला, पाणी वर चढलं, खळखळत खाली आलं. कुठं थेंबही गळला नाही. मधल्या खणात हिरवं शेवाळ हलकेच डुलू लागलं. पुढचे दोन दिवस दोघांनी जीव मुठीत धरून काढले, आणि शनिवारी संध्याकाळी दोन्ही नारिंगी मासे धापा टाकायचे थांबून प्रवाळापाशी खाली उतरले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पुसलंही नाही.

तो रिकामी बादली पुसत होता. बादली केव्हाच कोरडी झाली होती.

"मग... उद्यापासून बादल्या नकोत."

"नकोत."

"बरं." तो पुसतच राहिला.

मासे जाऊ दिले नाहीत, मग याला कशी जाऊ देईल?

"ऐका," ती म्हणाली. "नऊ दिवस झाले, सहा वाजल्यापासून मी घड्याळाकडे बघत बसते. माशांसाठी नाही. मला तुम्ही आवडता. उद्याही या. रिकाम्या हातानं या."

त्याचा हात थांबला. कान लाल झाले.

"आमचं दुकान नऊला बंद होतं," तो खाली बघत म्हणाला. "रविवार सोडला तर रोज मी सहालाच कुलूप लावतोय. बाबा विचारतात, कुठं जातोस? काय सांगू... म्हटलं, माशांना पाणी पाजायला."

तिनं त्याच्या हातातली बादली काढून खाली ठेवली, आणि चिकटपट्टीवाला तो हात आपल्या हातात घेतला.

"उद्या खरं सांगा," ती म्हणाली.