डाव्या फळीवरची टकटक

निघण्याआधी तिने सगळं तपासलं होतं. ट्रेलरचे दोन्ही टायर, त्यांतली हवा, होडी आवळणारे पट्टे, मागचे दिवे, साखळी. तपासणं हा तिचा धंदाच होता. उंच इमारतींच्या लिफ्ट तपासायच्या, त्यांचे दोर पास-नापास करायचे. ही पोरगी पायाखालची जमीनसुद्धा आधी दाबून बघेल, असं तिची आई म्हणायची. घरात तिचं नाव ‘इन्स्पेक्टर’ पडलं होतं ते आईमुळेच.

टायर दिसायला अगदी नवे होते. नक्षी खोल, रबर काळंभोर. का नसणार? वर्षातून चार-दोन वेळा तळ्यापर्यंत जायचं आणि उरलेले दिवस अंगणात उभं राहायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. तिने बुटाच्या टोकाने दोघांनाही एकेक टोला दिला आणि पास करून टाकलं.

ट्रेलरचा टायर चालून झिजत नाही, उभ्या-उभ्या कुजतो. हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. मोसम संपला की ते ट्रेलर विटांवर चढवायचे, चाकं मोकळी सोडायचे, वरून गोणपाट टाकायचे. पण आई गेली आणि विटा तशाच कोपऱ्यात राहिल्या. होडीचा सगळा भार अंगावर घेऊन टायर दोन वर्षं एकाच जागी उन्हात उभे होते. आणि निघताना बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण बारीक भेगा दिसण्याइतकी नजर बाबांना आता उरली नव्हती.

प्रश्न नजरेचाच होता. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई फार गोड बोलल्या, पण बोलल्या ते स्पष्ट. जे बघायचं राहिलं असेल ते आता बघून घ्या. बाबा हाडाचे सुतार, आयुष्यात लेकीकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता म्हणाले, “होडीतून एकदा पाणी बघायचंय मला.” तिने लगेच शब्द दिला. म्हणून आज ही स्वारी.

होडी बाबांनी स्वतः बांधलेली. तळ्याच्या सिमेंटच्या उतारावरून ट्रेलर मागे घेत पाण्यात उतरवायचा, ही खरी कसोटी. काठावर वारा असायचा, ओरडलेलं ऐकू जायचं नाही. म्हणून आई होडीच्या डाव्या अंगाला चालायची आणि बोटांच्या पेरांनी फळीवर वाजवायची. एकदा टक् म्हणजे येऊ दे. दोनदा टक् टक् म्हणजे थांब. ही खूण पुढे घरातही आली. पाहुण्यांपुढे बाबांच्या बढाया वाढल्या की स्वयंपाकघराच्या ओट्यावरून टक् टक् यायचं आणि बाबा वाक्य अर्धवट सोडून पाणी प्यायचे.

सकाळ छान होती. बाबा शेजारच्या सीटवर, मांडीवर टोपी. काच खाली हवीच, असा त्यांचा हट्ट. गाव मागे पडलं, दोन्हीकडे शेतं लागली. गाडीला वेग आला तसं तिला मागून काहीतरी ऐकू आलं.

टक् टक्.

“पट्टा सैल झाला वाटतं,” ती म्हणाली.

“थांब,” बाबा म्हणाले.

“पुढे पेट्रोलपंप आहे, तिथे बघते ना.”

“आत्ता थांब, बाळ.”

तिने कडेला घेतलं. पट्टे तट्ट होते. बोटही आत जाईना. मग तिची नजर खाली गेली आणि तोंडचं पाणी पळालं. डाव्या टायरच्या कुशीवर वाटीएवढा फुगा आला होता. आणखी थोडं पुढे गेले असते तर भर वेगात फुटला असता. तिने घाम गाळत चाक बदललं. स्टेपनी त्याच वयाची होती, पण तिच्यावर फुगा नव्हता. इन्स्पेक्टरने नाइलाजाने पास केलं.

“कशाचा आवाज होता मग?” गाडीत बसताना ती स्वतःशीच पुटपुटली. बाबांनी टोपी फिरवत फक्त “हं” केलं. ते खुशीत दिसत होते.

पुढे डोंगर लागला आणि मग तो लांब उतार. डाव्या हाताला दरी, बुटका कठडा, पुढे एक मालट्रक. उताराच्या तोंडाशीच फट् असा आवाज झाला. आरशात काळी चिंधी उडताना दिसली, ती तिला ट्रकची वाटली. लगेच स्टिअरिंगला डावीकडे हिसका बसला. गाडीमागे एवढं ओझं असताना उतारावर ब्रेक दाबला तर ट्रेलर फिरून पुढे येतो, हे तिला माहीत होतं. तिने दात आवळले, स्टिअरिंग घट्ट धरलं. कठडा खिडकीला लागेलसा जवळ आला.

आणि हिसका थांबला. मागून कुणी हलकेच सरळ करावं तशी गाडी सरळ झाली. तिने आरशात पाहिलं. होडीची कड मागच्या आभाळावर आडव्या रेघेसारखी सरळ होती. खड्डा असेल, असं तिने ठरवलं. उरलेला उतार इतका मऊ गेला की बाबांना डुलकी लागली.

उतार संपतो तिथे टायरवाल्याची टपरी होती. बाहेर जुन्या टायरांची उतरंड, एका खांबाला हवेची नळी. तिला थांबायचं काहीच कारण नव्हतं.

टक् टक्.

ह्या वेळी तिने वाद घातला नाही.

टायरवाला हात पुसत बाहेर आला, ट्रेलरच्या डाव्या बाजूला गेला आणि तिथेच खिळला. “ताई,” तो म्हणाला, “हे आणलंत कसं?”

ती वळसा घालून गेली. डाव्या चाकावर टायर नव्हताच. रबराची एक झालर तेवढी उरली होती. उघडी रिम उन्हात चमकत होती.

“वर उताराच्या तोंडाशी आवाज झाला होता,” ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

“मग एवढा सगळा उतार रिमवर आलात? तिचा चेंदामेंदा व्हायला हवा होता. ठिणग्या उडतात, ताई, रस्त्यावर चर पडतो.” त्याने वाकून रिमच्या कडेवरून अंगठा फिरवला. “एक ओरखडा नाही.”

तिने हात लावला. खरंच, ओरखडा नव्हता. उजव्या चाकाची रिम तापलेली होती. डावी माठासारखी गार होती.

मग टायरवाला आणखी खाली वाकला. त्याने रिम आणि जमीन यांच्यामध्ये हात घातला. हात सहज पलीकडे गेला.

ट्रेलर सरळ उभा होता. डावं चाक जमिनीला टेकलेलं नव्हतं, आणि होडी तसूभरही कलली नव्हती.

बाबा दाराला धरून गाडीतून उतरले, चाचपडत मागे आले. “जॅक लाव रे लवकर,” ते टायरवाल्याला म्हणाले. “किती वेळ धरणार माणूस?”

त्याने जॅक आणला. त्याने तो डाव्या बाजूला आसाखाली सरकवला, टेकेपर्यंत चढवला.

बाबांनी होडीच्या फळीवर तळवा ठेवला. “लागला जॅक,” ते हळूच म्हणाले. “सोड आता. दमली असशील.”

कर्रर्र करून सगळा भार जॅकवर बसला.

टायरवाल्याने दोन्ही बाजूंना नवे टायर चढवले. चहा विचारला नाही, हवामान काढलं नाही. निघताना मात्र तो तिच्या खिडकीशी आला. “ताई, तुमच्या पाठीशी कुणी तरी आहे बरं,” तो म्हणाला आणि ट्रेलरकडे न बघता टपरीत गेला.

तिला रडू फुटलं ते पुढच्या वळणावर. भीतीचं नव्हतं. तिने आजवर शेकडो लिफ्ट तपासल्या, दोर किती ओझं पेलेल हे तिला कागद न बघता सांगता यायचं. एवढी होडी, एवढा उतार आणि आईचं ते बारीक मनगट. त्याचा हिशोब तिला जमेना, आणि जमवावासाही वाटेना. बाप शेजारी जिवंत बसला होता, टोपी फिरवत होता. “आई, तुझे उपकार गं,” ती मोठ्याने म्हणाली. बाबांनी तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

तळ्यावर कुणी नव्हतं. पाणी स्वच्छ, ऊन कलतं. सिमेंटच्या उतारावर तिने ट्रेलर मागे घ्यायला सुरुवात केली. टक्. ती मागे आली. टक्. आणखी मागे. टक् टक्. तिने ब्रेक दाबला आणि उतरून पाहिलं. चाकं पाण्यात होती, होडी तरंगायला लागली होती, अगदी हवी तिथे. तिला हसू आलं. आईची खूण कधी चुकली नव्हती.

होडीत बाबा वल्ह्यांशी बसले. ती सवयीने उजव्या फळीवर बसली, डावी आईची. ती एकटी उजवीकडे बसली की होडी कलायची, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आज होडी कलली नाही.

बाबांना सगळं दिसत होतं की थोडंच, कोण जाणे. ते पाण्यावर पडलेल्या उन्हाकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की तिला वाटलं, दिलेला शब्द पाळला गेला. काठ मागे राहिला. गाडी लहान दिसायला लागली.

“बाबा, वळू या का आता?” तिने विचारलं. “दमाल तुम्ही.”

बाबांनी वल्ही थांबवली. मान किंचित डावीकडे झुकवून ते ऐकत राहिले.

टक्.

बाबा लहान मुलासारखे हसले आणि पुन्हा वल्ही मारायला लागले, तळ्याच्या मध्याकडे, जिथे पाणी काळं दिसतं तिकडे. तिने अडवलं नाही. आज दिवसभर जिने सांभाळून आणलं, ती वेळेवर थांब म्हणणारच होती. रिकाम्या डाव्या फळीकडे बघत ती पुढच्या दोन टकटकींची वाट पाहू लागली.

टक्, वाजलं. आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदाच, टक्.