आप्पांच्या मागची पाटी

"आप्पा! आवाज येत न्हाय, आप्पा!"

दैवशाला कंप्युटरच्या पडद्याला जवळजवळ नाक लावून ओरडली. व्हिडिओ कॉलवर तिचे आप्पा छाती धरून ट्रकला टेकले होते. चेहरा घामानं निथळत होता. "बाळा, छातीत... लई..." एवढंच ऐकू आलं आणि कॉल तुटला. पुन्हा लावला, तर फोन बंद!

उमरग्याच्या हायवेवरचं हे ट्रान्सपोर्टचं ऑफिस. आप्पा म्हणजे महारुद्र, इथल्याच ट्रकवर ड्रायव्हर. पहाटे माल घेऊन कर्नाटकात गेले होते. सुट्टीत दैवशाला आणि तिचे मित्र उत्कर्ष आणि विरुपाक्ष कूलरची हवा खायला रोज इथं येत.

"बॅटरी संपली असंल," मॅनेजर गुंडप्पाकाका जांभई देत म्हणाले. "उन्हानं पित्त झालं असंल त्याला. ढाब्यावर पडंल, संध्याकाळी उठंल!"

"पण काका, ते हायत कुठं?"

"आता एवढ्या मुलखात कुठं हुडकू त्याला? सरका, कंप्युटर बंद करायची येळ झाली."

कंप्युटर तापतो म्हणून काका रोज दुपारी भिंतीवरचं बटण बंद करून त्याच्यावर ओला पंचा टाकत. माणूस छाती धरून उभा, आणि काळजी कसली, तर कंप्युटरची!

दैवशालाला रडू फुटलं. "उत्कर्ष, तुझी ती प्रिंट स्क्रीनची कळ पन खोटी! पडद्यावरचं चित्र धरून ठेवती म्हणलास. म्या दाबली, काईच झालं न्हाय!"

उत्कर्ष ताडकन उठला. "कवा दाबलीस?"

"आप्पा दिसत होते तवा."

"अगं, मग चित्र आतच हाय! पण कंप्युटर बंद झाला की गेलं!"

काकांचा हात बटणाकडं निघालाच होता!

"काका!" विरुपाक्ष दारातून किंचाळला. "शेळी तुमच्या गाडीची सीट खातीय!"

मोबाईल टेबलावर टाकून काका बाहेर धावले.

उत्कर्षनं चित्रं काढायचं पेंट उघडलं, कंट्रोल आणि व्ही दाबलं. आप्पा पडद्यावर परत आले! तसेच, छाती धरून. दैवशालाला बघवेना.

"मागं बघा, मागं!" उत्कर्षनं चित्र मोठं केलं. आप्पांच्या मागं एक कन्नड पाटी होती.

विरुपाक्षचं आजोळ कर्नाटकातलं. त्यानं पडद्यावर बोट ठेवून वाचलं, "टायर... पंक्चर... आणि मोबाईल नंबर! पण आकडे नऊच."

शेवटचा आकडा आप्पांच्या डोक्यामागं दडला होता.

"मग दहाच नंबर लावायचे! घे काकांचा फोन!"

शेवटी शून्य लावला, कुणी उचलला नाही. एक, बंद. दोन, कुणी बाई रागावल्या. तीन, चार, पाच, सहा... काहीच नाही! "गेले माझे आप्पा," दैवशाला पुटपुटली आणि खाली बसली.

"कुठाय रे शेळी?" काका परतले. "आणि माझा फोन..."

"थांबा!" सातवर कुणीतरी कन्नडात बोललं होतं. विरुपाक्ष भडाभडा बोलला, मग फोन कानाला धरून थांबला. ती दोन मिनिटं संपता संपेनात.

"पंक्चरवाला बघून आला," तो हळूच म्हणाला. "ट्रकच्या चाकापाशी पडलेत. श्वास चालू हाय."

काकांनी फोन हिसकावला आणि मोडक्यातोडक्या कन्नडात सांगितलं. "अण्णा, दवाखान्यात न्या त्यांला! आत्ताच्या आत्ता!"

संध्याकाळी ऑफिसात गर्दी जमली. आप्पांना हार्ट अटॅक आला होता. दैवशालाची आई दवाखान्यात पोचली होती. तिचा फोन आला, अजून शुद्ध नाही, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही म्हणतात.

"तुमी नसता तर तेवढा श्वासही राहिला नसता," काका म्हणाले. "चूक माझी. शाब्बास रे पोरांनो!" त्या दिवशी कंप्युटरवर पंचा पडलाच नाही. "ह्या चित्राची प्रिंट काढून भिंतीला लावतो!"

दैवशाला पडद्यासमोर उभी राहिली. आप्पांचा चेहरा दुखण्यानं वेडावाकडा झाला होता.

"हा फोटो नको," ती म्हणाली. "आप्पा घरी आले की हसताना काढू."

उत्कर्षनं पेंट बंद केलं. कंप्युटरनं विचारलं, चित्र जपून ठेवायचं का? दैवशालानं माऊस हातात घेतला आणि 'नाही'वर दाबलं.