लाल टपाची काळी गाडी

"माझ्या मुलानं चोरी केलेली नाही," रेखा देवधर म्हणाल्या, आणि मगच खुर्चीत बसल्या.

सुनीती राजाध्यक्षांना अशी सुरुवात आवडे. विमा कंपनीत बावीस वर्षं खोटे दावे पकडल्यावर त्यांनी मँचेस्टरमध्ये स्वतःचं चौकशीचं ऑफिस थाटलं होतं. समोरचा माणूस आधी काय बोलतो आणि मग काय करतो, याकडे त्यांचं बारीक लक्ष असे.

कोपऱ्यात ज्ञानेश्वर वही घेऊन बसला होता. हा त्यांच्या घरचा भाडेकरू. नागपूरहून व्हिसावर आलेला, आणि सध्या कंपनीत बेंचवर, म्हणजे पगार चालू आणि काम बंद. रिकामा वेळ तो सुनीतीताईंच्या ऑफिसात घालवी आणि त्याला तपास म्हणे.

"कसली चोरी?" सुनीतीताईंनी विचारलं.

"टायरची. म्हणजे टायर चोरले नाहीत हो! माझा समर स्टॉक कारच्या शर्यतीत गाडी चालवतो, क्रॅगशॉच्या ट्रॅकवर. परवा रविवारी फायनल जिंकला. अर्ध्या तासात तपासनीसांनी सांगितलं की मागचे टायर रसायन लावून मऊ केलेत. मऊ टायर रस्त्याला चिकटतो, वळणावर गाडी सुटत नाही. गुरुवारी दुपारी दोनला सुनावणी आहे. पाच वर्षांची बंदी घालणार म्हणतात, आणि लबाड म्हणून कायमची नोंद. चोवीस वर्षांचा आहे तो. आठ वर्षं त्यानं दुसरं काही केलेलं नाही. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पेट्रोलच्या वासानं मळमळतं, म्हणून त्याच्या गॅरेजात मी कधी पाऊलही टाकलं नाही. पण मुलगा कळतो मला."

"मुलगा कळणं हा पुरावा नाही," सुनीतीताई म्हणाल्या. "पण सुरुवात करायला पुरे आहे. ज्ञानू, कोट घे."

गॅरेज ओल्डहॅम रोडजवळ रेल्वेच्या कमानीखाली होतं. आत एकच मिणमिणता दिवा. दोन काळ्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, लोखंडी बंपरांनी जखडलेल्या. ताडपत्रीनं पार चाकांपर्यंत झाकलेल्या, फक्त टप उघडे. एक टप लाल, एक निळा.

"दोन्ही सेम आहेत," समर म्हणाला. उंच, दमलेल्या चेहऱ्याचा मुलगा. "एकाच वेल्डरनी बांधली. लाल माझी, नंबर ६७. निळी कुशची, ३१. आम्ही स्कूलपासून मेट्स आहोत, आणि ट्रॅकवर एनिमीज."

"टपाला रंग कशाला?"

"ग्रेडिंग. नवीन ड्रायव्हरला पांढरा, मग पिवळा, निळा, आणि टॉपच्या लोकांना लाल. लाल टप सगळ्यात मागून स्टार्ट करतो, म्हणजे फेअर होतं. ग्रेड्स दर महिन्याला चेंज होतात. मी सगळी सीझन निळा होतो, कुश लाल. या महिन्यात मी वर गेलो, तो खाली आला. शनिवारी सकाळी आम्ही दोघांनी मिळून टप पेंट केले."

"आणि गाडीवरचे आकडे?"

"डोअरवर आहेत, ताडपत्रीच्या खाली. टपावरचा नंबरचा पत्रा संडे मॉर्निंगला लावतो, ट्रकवर चढवताना."

"टायर?"

"शनिवारी बाराला बसवली. न्यू, सील फोडून. दोनला आम्ही दोघं गेलो. संडेला सकाळी फक्त ट्रकवर चढवली. आय स्वेअर, आँटी, मी काय नाय लावला."

सुनीतीताईंनी तपासनीसांचा अहवाल वाचला. रसायन इतकं ओतलं होतं की रबर बोटानं दाबलं जात होतं, टायरच्या खाचांत त्याचा थर साचला होता.

"लबाडी करणारा असं करतो का?"

"नो वे! पातळ कोट लावतात. रेस संपेपर्यंत उडून जातो. आणि या महिन्यापासून तर नवा रूल आहे, फायनलच्या पहिल्या तिघांची टायर चेक करतात. सगळ्यांना माहीत आहे."

"दोननंतर इथं कोण आलं?"

"चावी विटेखाली असते. तीनला फॅन साइटवाली मंजिरी आली, फोटो काढायला. चारला अजयकाका, माझे सगळ्यात जुने फॅन, माझ्यासाठी जेवणाचा डबा ठेवायला. सहाला कुश, त्याची हेल्मेट राहिली होती. बॅड लक होता सगळा. दर वेळी माझ्या स्टिअरिंगवर कुंकू असतं, छोटासा. आईच ठेवत असणार. या वेळी तेपण नव्हतं."

ज्ञानेश्वरनं वहीत 'कुंकू' लिहिलं आणि खोडलं. अंधश्रद्धेला तपासात जागा नाही, असं त्याचं मत होतं.

बाहेर पडताच त्यानं निकाल दिला. "ताई, कुशच. समर त्याला मागे टाकत होता."

"असेल. विचारू या."

कुश नेरुरकर एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. चहाच्या सुट्टीत तो कॅन्टीनमध्ये भेटला आणि पहिल्या प्रश्नालाच तापला.

"मी? मला समरला ट्रॅकवर हरवायचं आहे, ऑफिसात बसून नाही! जुलैत मी त्याला भिंतीवर घातला, यस. ठोकणं लीगल आहे. पण टायरला हात लावणं डर्टी आहे."

"समर बाद झाला तर त्याचे गुण जातील, आणि यंदाचं अजिंक्यपद तुम्हाला मिळेल."

"तसं मिळालं तर लोक काय बोलतील मला? ऑलरेडी बोलतात. तो अजयकाका तर सगळ्यांना सांगतो की मी चीट आहे म्हणून." कुशनं कप सरकवला. "आणि संडेला माझी चांगलीच धुलाई झाली. फनी थिंग, सकाळी माझ्या स्टिअरिंगवर कुंकू होतं. कधी नसतं. मला वाटलं, समरच्या मॉमनी दोघांना लावलं. काय उपयोग झाला नाय, सातवा आलो."

सुनीतीताईंनी हातातला चहा न पिताच खाली ठेवला. "पुसलंत का ते?"

"नाय. कुणाची ब्लेसिंग अशी पुसत नाही."

बुधवारी दुपारी ट्रॅकजवळच्या कॅफेत चाहत्यांची बैठक भरली होती. समरचे एका टेबलावर, कुशचे दुसऱ्या टेबलावर, आणि मधल्या जागेत शब्दांची ठोकाठोकी.

"हा टायरचा नियमच चुकीचा," एक जण म्हणत होता. "उद्या बंपर पण रबराचे करतील."

"नियम बरोबर आहे!" अजय कर्णिक गरजले. साठीचे, अंगावर ६७ आकड्याचं जॅकेट. पंचवीस वर्षांत एकही रविवार चुकवला नाही, असा त्यांचा लौकिक. "ठोकणं हा खेळ आहे, चोरी हा खेळ नाही. हा नियम जुलैत असता ना, तर तुमचा तो कुश तेव्हाच उघडा पडला असता!"

"जुलैत कुशची गाडी तपासली होती, काका. काहीही सापडलं नव्हतं." हे मंजिरी बोलली. ती पुण्याहून शिकायला आली, इथंच रमली, आणि आता चाहत्यांची वेबसाइट चालवायची. कुश तिचा लाडका.

"सापडलं नाही म्हणजे नव्हतं असं नाही."

सुनीतीताईंनी आधी मंजिरीला बाजूला घेतलं. तिनं न विचारताच सांगितलं की तीन वाजता तिनं गॅरेजात सहा फोटो काढले. "नवे रंग दाखवायचे होते. ग्रेडची यादी शुक्रवारी संध्याकाळी येते, मी लगेच साइटवर टाकली होती. छापील प्रोग्रॅम बुधवारीच तयार होतो, त्यामुळे त्यात जुनेच रंग असतात. ज्यांना नेट जमत नाही त्यांचा गोंधळ होतो."

"रविवारी काही वेगळं वाटलं?"

मंजिरीनं आठवून पाहिलं. "अजयकाका. एरवी घसा बसेपर्यंत ओरडतात. फायनलला समर सगळ्यात मागून निघून पहिला आला, आणि हे गप्प! मला वाटलं, तब्येत बरी नाही."

अजयरावांनी मात्र सुनीतीताईंचं आनंदानं स्वागत केलं. "तुम्ही समरला सोडवणार ना? हा बघा पुरावा." त्यांनी पिशवीतून रविवारचा प्रोग्रॅम काढला. प्रत्येक शर्यतीखालच्या रिकाम्या रेघांवर त्यांनी पेननं निकाल लिहिला होता, कोण कितव्या फेरीत कुठं होतं तेसुद्धा. "फायनल पाहा. समर फेरीगणिक एकेक गाडी काढत गेला. हे टायरचं काम नाही, हाताचं आहे. संगणकावर असलं काही नसतं. मी त्या यंत्राच्या वाटेला जात नाही."

सुनीतीताईंनी पानं उलटली. पहिल्या हीटमध्ये, म्हणजे फायनलआधीच्या प्राथमिक शर्यतीत, पहिल्या चारही फेऱ्यांत ६७ खोडून ३१ केलं होतं, आणि ३१ खोडून ६७.

"इथं खाडाखोड बरीच झाली."

"ऊन डोळ्यांवर येत होतं."

"पुढच्या शर्यतींना नाही आलं?"

"नंतर टोपी घातली," अजयराव म्हणाले, आणि त्यांनी प्रोग्रॅम परत घेतला.

गुरुवारी बारा वाजता सुनीतीताईंनी सगळ्यांना क्रॅगशॉच्या क्लबरूममध्ये बोलावलं. सुनावणीला दोन तास होते. मुख्य तपासनीस हॅरिसन दाराशी उभे होते. मंजिरी त्यांना हळू आवाजात इंग्रजीत सांगत होती. रेखाताई मुलाचा हात धरून बसल्या होत्या.

"दोन दिवस आपण सगळे एकच प्रश्न विचारत होतो," सुनीतीताई म्हणाल्या. "समरचं वाईट कुणाला हवं होतं? प्रश्नच चुकीचा होता."

ज्ञानेश्वर वही उघडून बसला. त्याचं पान अजून कुशच्याच नावावर होतं.

"आधी रसायन. फायदा हवा असलेला माणूस पातळ हात फिरवतो. इथं रसायनाचा अख्खा डबा रिकामा केला. कारण पहिल्या तिघांचे टायर तपासणार हे ठाऊक होतं, आणि गाडी पकडली जायलाच हवी होती. म्हणजे ही लबाडी नव्हती, सापळा होता. पण कुणासाठी? रेखाताई, समरच्या स्टिअरिंगवर कुंकू तुम्ही लावता?"

"मी? मी त्या गॅरेजात कधी गेलेच नाही."

समरनं आईकडे वळून पाहिलं.

"म्हणजे दुसरं कुणीतरी दर शनिवारी गुपचूप लावत होतं. समरवर फार माया असलेलं कुणीतरी. या शनिवारी मात्र ते कुंकू कुशच्या गाडीत गेलं. मायेच्या माणसानं समरला सोडून कुशला का आशीर्वाद द्यावा? दिलाच नाही. त्याला वाटलं, ती समरची गाडी आहे. आकडे ताडपत्रीखाली, आणि ती त्यानं हात शिरेल इतकीच उचलली. अंधारात दिसत होते ते फक्त दोन टप. आणि पंचवीस वर्षं स्टँडवरून शर्यती पाहणारा माणूस गाडी आकड्यावरून ओळखत नाही, टपावरून ओळखतो. वर्षभर निळा समर आणि लाल कुश. त्यानं निळ्या टपाखाली कुंकू लावलं, आणि लाल टपाच्या टायरवर रसायन ओतलं."

ज्ञानेश्वरनं वहीतलं कुशचं नाव खोडलं.

"कुशनं आणि समरनं टप स्वतः रंगवले होते. मंजिरीनं यादी साइटवर टाकली होती. रंगांची अदलाबदल तिघांनाही ठाऊक होती. ज्याला ठाऊक नव्हती, तो रविवारी पहिल्या हीटमध्ये चार फेऱ्या ६७ च्या जागी ३१ लिहीत होता. पाचव्या फेरीत त्याच्या लक्षात आलं. ऊन नव्हतं ते, अजयराव."

अजय कर्णिकांचा चेहरा पडला. त्यांनी नाकारायचा प्रयत्नही केला नाही.

"तो चीट आहे," ते पुटपुटले. "जुलैत समरला मारलाच असता त्यानं. कुणी पुरावा शोधत नव्हतं. मी म्हटलं, आपणच..."

"आपणच तयार करू," सुनीतीताई म्हणाल्या. "तेही एक वेळ समजू शकते मी. पण पहिल्या हीटनंतर तुम्हाला कळलं होतं. फायनलला तीन तास होते. एक शब्द बोलला असतात तर समरनं टायर बदलले असते."

"तोंड नव्हतं मला! त्याच्या डोळ्यांत बघून काय सांगू?" म्हातारा माणूस रडायला लागला. "वाटलं, शेवटून निघणार, पहिल्या तिघांत कशाला येतोय. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हटलं, आज समरला हरू दे. आणि गाढव जिंकला."

हॅरिसननी कागद पुढे केला. कबुली लिहून दिली तर समरवरची बंदी आणि नोंद आजच रद्द होईल. पण टायर मऊ होते ते होतेच, फायनलचे गुण जातील, म्हणजे अजिंक्यपद कुशचं. आणि अजय कर्णिकांना या ट्रॅकचं दार कायमचं बंद.

अजयरावांनी सही केली. पूर्ण नाव लिहिलं.

कुश उठून समरजवळ आला. "नेक्स्ट इयर," एवढंच म्हणाला. समरनं मान हलवली.

मग समर अजयरावांसमोर जाऊन उभा राहिला. त्याला राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त काहीतरी लागलं होतं.

"काका, तुम्हाला वाटला मी त्याला ट्रॅकवर हरवू शकत नाही?"

अजयरावांनी अंगावरचं जॅकेट काढून घडी घातली, टेबलावर ठेवली, आणि ते दाराकडे निघाले. बाहेर बसचा थांबा मैलभर लांब होता. सकाळी ते समरच्याच गाडीतून आले होते.

रेखाताईंनी मुलाकडे पाहिलं.

समरनं खिशातून किल्ली काढली. "थांबा. मी सोडतो घरी."

"नको रे."

"बसा गाडीत, काका," समर म्हणाला. "फक्त आज माझ्याशी बोलू नका."