शादनगरच्या अलीकडचा उतारू

लाइट येईपर्यंत सांगतो. पण रेणू, मधेच उठून जायचं नाही. आणि गौतम, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. वसंत माझा सख्खा मावसभाऊ. हैदराबादेत नारायणगुड्याला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. लीलावहिनी अजून आहेत, उद्या विचारा त्यांना.

वसंताला फिरण्याचं वेड. पंच्याण्णव साल होतं. रोज नवी गाडी बाजारात यायची आणि बँका कर्ज घ्या म्हणून मागे लागायच्या. यानं व्हॅन घेतली, लांब रजा काढली आणि नवराबायको देश बघायला निघाले. कच्छचं रण झालं, आसामातले चहाचे मळे झाले, शेवटी रामेश्वर. ओडिशात गाडी बंद पडली तर एका कोळ्यानं चार दिवस घरात ठेवून घेतलं. त्याच्या हातची मासळी वसंत शेवटपर्यंत आठवायचा.

एकवीस डिसेंबर, अमावस्येची रात्र. खरं तर कर्नूलला मुक्काम करायचा होता. पण सकाळी मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन, म्हणून जेवले आणि लगेच निघाले. जडचर्ला मागे टाकलं आणि शादनगरच्या अलीकडे चाक बसलं.

वहिनींनी बॅटरी धरली, वसंतानं चाक बदललं. सामान आवरताना मागून आवाज आला, "साब, हैदराबाद कू छोडते क्या?"

पन्नाशीचा माणूस. पँट-शर्ट चांगला, पाय मात्र अनवाणी.

वहिनी हळूच म्हणाल्या, "नक्को हो. आला कुठून हा? आसपास एक दिवा नाही."

"अगं, देशभर लोकांनी आपल्याला घरात घेतलं. आपण एका माणसाला गाडीत घ्यायचं नाही?"

तो मागे बसला. वहिनींना काय वाटलं कोण जाणे, चाकाचा लोखंडी पाना त्यांनी मांडीवरच ठेवला.

"आप लोगां घूमके आ रहे?" त्यानं विचारलं.

वसंत खुलला. कच्छपासून सगळं सांगत सुटला.

"मै भी घूमकेच आ रा था," तो म्हणाला. "रस्ते में एक कू बिठाया."

"फिर?"



वहिनींनी आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी. वळून पाहिलं... तर तो होता. स्वतःचा गळा चाचपत होता. रडत होता.

"मेरे कू घर जाना है."

"सोडतो ना बाबा, तासाभरात..."

वसंताचं वाक्य तुटलं.

काहीतरी बारीक त्याच्या गळ्यात आवळलं गेलं. मान मागे खेचली गेली. पाय ताठ झाला, गाडी सुसाट सुटली. वहिनींनी वळून पाना हाणला. त्याच्या तोंडावर. दात तुटल्याचा आवाज झाला. पुन्हा हाणला. कपाळ आत गेलं. कढत रक्त वहिनींच्या डोळ्यांत उडालं.

तो सोडेना. रडत होता... आणि ओढत होता.

"घर... घर जाना..."

वसंताचे डोळे पांढरे. जीभ बाहेर.

वहिनी मारत राहिल्या.

मग चिंचेचं झाड.

लॉरीवाल्यांनी दोघांना ओढून बाहेर काढलं. वसंताच्या बरगड्या मोडल्या होत्या, वहिनींचं मनगट. मागे कुणी नव्हतं. सरकतं दार जसंच्या तसं बंद. सीटवर रक्ताचा थेंब नाही. वहिनींच्या तोंडावरही नाही. आणि त्या एकच घोकत होत्या, "मी मारलं त्याला... मी मारलं..."

पहाटे मी दवाखान्यात पोचलो. डॉक्टरीणबाई एक्स-रे उजेडाला धरून उभ्या होत्या.

"यांच्या गळ्यात ही तार कधीपासून आहे?"

"रात्रीचीच असेल," मी म्हटलं. "कुणीतरी गळा आवळला ना."

"छे. ही मांसाच्या आत आहे. वर सगळं भरून आलंय. वीस वर्षं तरी झाली असतील."

मी वसंताजवळ गेलो. लहानपणापासून त्याला उघडा पाहिलेला मी. गळ्यावर साधा ओरखडा नव्हता. हात पुढे केला. बोटानं चाचपलं.

कातडीखाली तार लागली. गळाभर.

मानेमागे... गाठ होती.