अर्ध्या वॉटचा अपमान

“हा अँप मी तुम्हाला विकणार नाही,” काउंटरवरचा तरुण शांतपणे म्हणाला.

आता बोला! लालबागच्या भर बाजारातलं वाद्यांचं दुकान, गिऱ्हाईक गिटारचा अँप्लिफायर घ्यायला स्वतःच्या पायांनी चालत आलेलं, आणि हा म्हणतो विकणार नाही! मनूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“का? मुलींना विकत नाही का?”

“कुठे वाजवणार?”

“घरी. करी रोडला, चाळीत.”

“मग वीस वॉट कशाला? काचेच्या व्हॉल्व्हचा, जुन्या पद्धतीचा अँप आहे हा. आवाज चढवल्याशिवाय याचा गळा मोकळा होत नाही. चाळीत चढवून दाखवा!” त्याने खाली वाकून पोळ्यांच्या डब्याएवढा एक ठोकळा वर ठेवला. “हा घ्या. अर्धा वॉट.”

अर्धा! लग्नाच्या पंगतीत कुणी शिळी भाकरी वाढावी, तसं तिने त्या ठोकळ्याकडे पाहिलं.

“हे खेळणं ठेवा तुमच्याकडेच!”

ती पाय आपटत निघाली. पायरीवरून वळून पाहते तर... तो हसत होता. मेला, वर हसतो! हसताना त्याच्या गालाला खळी पडते हे तिच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं. पण आलं.

मनूचं दुखणं वेगळंच होतं. शेजारचे नाना, गिरणीतून निवृत्त झालेले. ती गिटार आपल्या जुन्या, खरखरत्या अँपला जोडून बसली रे बसली की भिंतीवर ठकठक! तीनदा झालं तसं. शेवटी आप्पांनी, तिच्या वडिलांनी, बजावलं, “आणखी एकदा नानांनी भिंत ठोकली, तर गिटार विकायची.” विकायची! कॉलेजपासून जिवापाड जपलेली गिटार! चांगला मोठा अँप हळू लावला तर गोडही वाजेल आणि नानाही गप्प बसतील, असा तिचा साधा हिशेब. आणि तो हा शहाणा मोडायला निघालेला.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा गेली. भांडायला.

त्याने दोन्ही अँप जोडून दिले. मोठा हळू लावला, तर घोंगडीतून बोलल्यासारखा घुसमटला. छोट्याच्या आवाजाची कळ त्याने शेवटपर्यंत फिरवली, व्हॉल्व्हच्या काचेतल्या तारा लालसर तापलेल्या होत्याच, आणि तिची ती जुनी गिटार अशी काही गायला लागली, की मनूच्या अंगावर काटाच आला. त्याचं बरोबर होतं. याचाच तर संताप!

“नाव काय तुमचं?”

“राजरत्न. वरळीला राहतो. तुमचं?”

“मनू. आणि ते अहो-जाहो पुरे. भांडायला अडचण होते.”

“बरं,” तो म्हणाला. “भांड.”

तिसऱ्या शनिवारीही भांडण झालं, चौथ्याही. मग राजरत्न म्हणाला, “घरीच वाजवून बघ. उद्या सकाळी मी घेऊन येतो.”

रविवारी तो आला. आप्पा बाजारात गेले होते. मनूने नेहमीसारखं दार लावलं, खिडकी लावली, कळ पूर्ण फिरवली आणि वाजवायला घेतलं. दोन मिनिटं झाली नसतील...

ठक ठक ठक!

“बघ!” मनूचे डोळे भरून आले. “बघ तुझा अर्धा वॉट! गेली माझी गिटार!”

तिने तणतणत दार उघडलं. बाहेर गॅलरीत नाना. तेही लालबुंद.

“दिवसाढवळ्या दार कित्याक लावतंस गो?” नाना कडाडले. “चाळीत दार कधी लावतात? घरात कुणी गेलं की, नाहीतर भांडण जुंपलं की! आम्ही काय परके? भिंतीतून नुसती धबधब येते. गाणं वाजवतेस की मसाला कुटतेस, काय कळणार आम्हाला?”

म्हणजे मनू एवढी दारंखिडक्या लावून मरत होती, आणि यांचा राग त्या दारावर होता?

राजरत्नने कपाळावर हात मारला. “बरोबर आहे त्यांचं. भिंतीतून जाड सूर तेवढे पार होतात, चाल आतच राहते. आमची दुकानातली खोली बंद काचेची. चाळीतलं दार उघडं असतं, हे मी धरलंच नाही!”

दार उघडं ठेवून ती वाजवायला बसली. नाना स्टूल घेऊन गॅलरीत टेकले. त्यांचा पाय हळूहळू ताल धरायला लागला.

“आता कसं,” ते म्हणाले. “दुपारी दोन ते चार माझी झोप. तेवढं सोडून वाजव. आप्पाला मी सांगतो.”

राजरत्नला सोडायला ती जिन्यापर्यंत आली.

“मोठा विकला असतास तर मालक खूश झाला असता ना?”

“झाला असता. आणि आठवड्यात तुझी गिटार गेली असती. मग तू दुकानात कशाला आली असतीस?”

“म्हणजे स्वार्थ!”

“शुद्ध स्वार्थ.” तो पायरीवर थांबला. “मनू... मला तू आवडतेस. भांडतेस तेव्हा तर... फारच.”

“आणि हे आज सांगतोस?” मनू उसळलीच. “इतके शनिवार मी काय तुझ्या दुकानाची फरशी बघायला येत होते? अरे मूर्खा, अँप तर मी दुसऱ्याच शनिवारी पसंत केला होता!”

आणि रागारागातच तिने त्याचा हात घट्ट धरला.